पत्र्याची पेटी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका सायंकाळी आम्हाला शनिवार पेठेतून दूरध्वनी आला. आवाज ओळखीचा होता, पण थकलेला. "फादर, वाडा रिकामा करायचा आहे. बाकीचे सामान मुलगी नेईल, उरलेले रद्दीवाला नेईल. एक पेटी मात्र कोणाला द्यावी ते कळत नाही. तिच्यात सगळे मेलेले क्लब आहेत. तुम्हाला मयताची सवय आहे, म्हणून तुम्हालाच विचारतो."

असे बोलणारा माणूस पुण्यात आमच्या ओळखीचा एकच. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक म्हणून त्यांनी उभी हयात घालविली. आज ते ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची व आमची ओळख झाली ती १९९२च्या सुमारास, आम्ही नगर रस्त्यावरील रामवाडीच्या पेपल सेमिनरीत शिकत असताना. सुटीच्या दिवशी आमचा संघ बाहेरच्या संघांशी फुटबॉलचे सामने खेळत असे आणि सर सायकलवरून, गळ्यात शिट्टी अडकवून, पंच म्हणून येत. एका सामन्यात आम्ही प्रतिस्पर्ध्याच्या पायात पाय घातला, तेव्हा त्यांनी आम्हाला सरळ मैदानाबाहेर काढले. वर ऐकविले, "धर्मगुरू व्हायचे आहे ना? मग मनाचे नंतर पाहू, आधी पाय आवरा!" तेव्हापासून आमचा स्नेह आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओंकारेश्वराच्या बाजूने पेठेत शिरलो. शनिवार पेठ ही पुण्यातील जुन्या पेठांपैकी एक. तिचे मूळचे नाव मुर्तुजाबाद. पेशवाई आली आणि गेली, इंग्रज आले आणि गेले, नाव पालटले. पण पेठ राहिली, कारण तिच्यात माणसे राहत होती. ही गोष्ट त्या दिवशी आमच्या मनात सहज येऊन गेली. तिचा अर्थ मात्र पुढे तासाभराने उमगला.

पेठ आणि फुटबॉल यांचे सूत तसे फारसे जमलेले नाही. पुण्यात हा खेळ वाढला तो लष्करात, खडकीला, देहूरोडला. गोऱ्या पलटणींच्या मैदानांवर आणि आसपासच्या मिशनच्या शाळांतून. पेठांचा जीव रमला तो तालमींत, मल्लखांबात, खो-खो आणि कबड्डीत. सरांच्या मातोश्री फुटबॉलला 'लाथाळीचा खेळ' म्हणत. तरीही या गृहस्थांनी पेठेतल्या मुलांना आयुष्यभर तीच लाथाळी शिकविली आणि पेठेने त्यांना 'फुटबॉलवाले सर' अशी पदवी बहाल केली. तिच्यात कौतुक किती आणि कीव किती, हे त्यांनी कधी मोजले नाही.

वाड्याचा दिंडी दरवाजा उघडाच होता. निम्मी बिऱ्हाडे गेलेली, चौकात मोडके पाट आणि पितळी हंडे मांडलेले. काकूंनी चहा ठेवला. सरांनी पलंगाखालून हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी ओढली, रुमालाने पुसली आणि आमच्यापुढे सरकविली. "वरून खाली नको, खालून वर पाहा," ते म्हणाले. "म्हणजे क्रम लागेल."

पेटीच्या तळाशी मुंबई होती. कूपरेज मैदानावरील सामन्यांच्या पिवळ्या पडलेल्या कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रांची कात्रणे, काही छायाचित्रे. त्यांतील संघांची नावे वाचताना एखाद्या औद्योगिक प्रदर्शनात हिंडल्यासारखे वाटते. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्रा, एअर इंडिया, पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे! कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे लोकांचे क्लब होते. मुंबईत मात्र फुटबॉल नांदला तो बहुतांशी कंपन्यांच्या आश्रयाने. कंपनी खेळाडूला नोकरी देई. तो सकाळी सराव करी, मग हजेरीपटावर सही करी आणि सामन्याच्या दिवशी त्याला सुटी मिळे. खेळ संपला तरी नोकरी राही, पुढे निवृत्तिवेतनही मिळे.

या व्यवस्थेला नावे ठेवणे सोपे आहे. आम्हाला ते जमणार नाही. आमचे एक मामा केवळ फुटबॉलच्या बळावर मुंबईच्या एका कंपनीत चिकटले. मॅट्रिकला दोनदा गटांगळ्या खाल्लेला हा मुलगा एरवी कोणत्या कचेरीच्या दारात उभा राहिला असता? त्या पगारावर दोन बहिणींची लग्ने झाली, गावाकडचे घर कौलारू झाले आणि आमच्या सेमिनरीच्या प्रवासाची ट्रंकही त्यांनीच घेऊन दिली. मुंबईतील किती कॅथलिक घरांत अशा नोकऱ्यांनी चूल पेटती ठेवली, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांना आपापल्या घरातून ठाऊक असेल. १९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा हे याच मुंबईच्या फुटबॉलचे अपत्य. ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. त्या वर्षी भारत चौथा आला. त्यानंतर आपण तेथपर्यंत पुन्हा पोहोचलेलो नाही.

"कंपनीने अन्न दिले, हे खरे," सर म्हणाले. "पण अन्न देणारा आणि घर देणारा, यांत फरक असतो. पुढचा थर काढा."

पुढच्या थरात महिंद्रा होते. १९६२ साली सुरू झालेला हा कंपनीचा संघ २००० साली 'महिंद्रा युनायटेड' झाला. मोटारींवरून लोक त्यांना 'जीपवाले' म्हणत. गोव्याचे डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने २००५-०६ सालची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. त्याआधी २००३ आणि २००५ साली फेडरेशन चषक, पुढे २००८ साली ड्युरँड चषक. म्हणजे संघ काही कुचकामी ठरलेला नव्हता. तरीही २००९-१०चा हंगाम संपताच कंपनीने तो बंद केला. शालेय फुटबॉलवर लक्ष देण्याचा आपला मानस असल्याचे तिने जाहीर केले आणि शाळांच्या स्पर्धेला आश्रयही दिला. हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? परंतु अठ्ठेचाळीस वर्षांचा एक संघ एका निर्णयाने नाहीसा झाला आणि तो निर्णय घेताना मैदानाच्या कठड्याशी उभ्या राहणाऱ्या कोणाला काही विचारावे, असा प्रश्नच उद्भवला नाही. कारण विचारावे असा त्यांचा कोणता हक्क कोठे लिहिलेला नव्हता.

त्यावरचा थर पुण्याचा. तो सर्वांत ताजा, म्हणून सर्वांत जड. अशोक पिरामल उद्योगसमूहाने २००७ साली 'पुणे एफ.सी.' हा क्लब काढला. दोन वर्षांत तो देशाच्या वरच्या लीगमध्ये, म्हणजे आय-लीगमध्ये, पोहोचला. पहिल्याच हंगामात तिसरा आला. महिंद्राला अजिंक्यपद मिळवून देणारे डेरिक परेरा आता येथे प्रशिक्षक होते. २०१२-१३ साली संघ उपविजेता ठरला. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात हे सामने होत.

सर तेव्हा निवृत्त झालेले होते. तरी पेठेतील दहा-बारा पोरे गोळा करून, पीएमपीच्या दोन बसगाड्या बदलून, ते बालेवाडीला जात. काकू पोळीभाजीचे डबे बांधून देत. परतायला रात्र होई. पोरांनी खेळाडूंची नावे पाठ केली. नायजेरियाचा खेळाडू कोण, मणिपूरचा कोण, मिझोरामचा कोण, हे त्यांना भूगोलाच्या पुस्तकाने नव्हे, तर या क्लबाने शिकविले. 'पुण्याचा संघ' हे शब्द पेठेतल्या पोराने फुटबॉलबद्दल उच्चारावेत, हे सरांच्या आयुष्यातले मोठे सुख होते.

आणि मग काय झाले? २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि तिच्यात 'एफ.सी. पुणे सिटी' हा दुसराच संघ आला. त्याच वर्षी कल्याणी समूहाने आय-लीगसाठी 'भारत एफ.सी.' काढला. १९८७ पासून पुण्यात खेळत आलेल्या शिवाजियन्स या स्थानिक क्लबाला डीएसके या बांधकाम व्यवसायातील समूहाचा आश्रय मिळाला व तोही २०१५-१६च्या हंगामात आय-लीगमध्ये दाखल झाला. क्षणभर असे वाटले की फुटबॉलची राजधानी आता कोलकात्याहून पुण्याला हलणार! परंतु २०१५ साली पुणे एफ.सी.ने आपला मुख्य संघ आवरता घेतला. भारत एफ.सी. एकाच हंगामानंतर थांबला. शिवाजियन्स २०१७ नंतर आय-लीगमध्ये दिसले नाहीत. एफ.सी. पुणे सिटी २०१७-१८ साली उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि २०१९ साली तोही संपला. लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. चार-पाच वर्षांत चार संघ! सरांच्या पेटीत त्या चौघांच्याही खुणा आहेत. एक पास, एक गळपट्टी, एक झेंडा, एक सही केलेला शर्ट.

"पुणे एफ.सी. बंद झाल्याची बातमी आली, त्या रविवारी एक पोरगा खाली चौकात डबा घेऊन उभा होता," सर म्हणाले. "त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मला म्हणाला, 'सर, आपली मॅच कधी?' मी म्हटले, 'बाळ, मॅच आपली नव्हतीच.' बोलून गेलो, फादर. अजून पस्तावतो. तो पुन्हा मैदानावर आला नाही."

आम्ही गप्प राहिलो. पाखाडीत, दवाखान्यात, स्मशानभूमीत सांत्वनाचे शब्द आम्हाला सुचतात. तो आमच्या सेवाकार्याचाच भाग आहे. पण डबा घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाला काय सांगावे, हे कोणत्याही ग्रंथात शिकविलेले आम्हाला आठवेना.

पेटीत सर्वांत वर, पातळ कागदात गुंडाळलेली, एक निळी गळपट्टी होती. तिच्यावरील अक्षरे जपानी. हे येथे कोठून आले, असे आम्ही विचारले. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. सरांची कन्या त्यांतलीच. दुभाषी म्हणून ती काही वर्षे योकोहामा शहरात होती. वडिलांचे वेड ठाऊक असल्यामुळे तिने तेथून ही भेट धाडली आणि सोबत तिची हकीकतही लिहून पाठविली. सरांनी ती आम्हाला सांगितली. घरी येऊन आम्ही तिचा अधिक शोध घेतला. ती अशी :

जपानचा फुटबॉलही मुंबईसारखाच कंपन्यांच्या ओटीत वाढला. १९६५ साली तेथे राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हा तिच्यातील आठही संघ उद्योगांचे होते. मित्सुबिशी, हिताची, फुरुकावा, यानमार अशी त्यांची नावे. खेळाडू कंपनीचे नोकर. मामांची कथा तेथेही घरोघरी असणार! पुढे १९९३ साली दहा क्लबांची व्यावसायिक 'जे-लीग' सुरू झाली. तिचे अध्यक्ष साबुरो कावाबुची हे स्वतः फुरुकावाच्या संघातून खेळलेले. त्यांनी असा आग्रह धरला की, क्लबाचे नाव कंपनीचे असता कामा नये, ते गावाचे असले पाहिजे. त्यानुसार मित्सुबिशीचा संघ 'उरावा' गावाचा झाला, सुमितोमो मेटलचा 'काशिमा'चा, निस्सानचा 'योकोहामा मारिनोस'. पैसा कंपनीचाच राहिला, पण नाव गावाचे आले.

केवळ नावाने काय होते, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर १९९८ साली मिळाले. योकोहामात 'फ्ल्युगेल्स' नावाचा आणखी एक क्लब होता. जर्मन भाषेतील 'पंख' या शब्दावरून ते नाव घेतलेले, कारण त्याच्या मागे ऑल निप्पॉन एअरवेज ही विमान कंपनी आणि सातो नावाची एक बांधकाम कंपनी होती. मंदीच्या काळात बांधकाम कंपनीने हात काढून घेतला. विमान कंपनीला एकटीला भार पेलेना. ऑक्टोबर १९९८ मध्ये जाहीर झाले की हा क्लब त्याच शहरातील मारिनोसमध्ये, म्हणजे कालपर्यंतच्या प्रतिस्पर्ध्यामध्ये, विलीन होणार. प्रेक्षकांना हे वर्तमानपत्रातून समजले. त्यांनी सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या. निर्णय बदलला नाही. मात्र तो मरू घातलेला संघ सम्राटचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि १ जानेवारी १९९९ रोजी त्याने शिमिझू एस-पल्स या संघाला २-१ असे हरवून चषक जिंकला. नववर्षाच्या पहिल्या दिवशी एक संघ विजेता झाला आणि त्याच दिवशी तो संपला. मारिनोसच्या नावात आजही एक 'एफ' हे अक्षर आहे. तेवढीच त्याची खूण.

पण प्रेक्षकांनी त्या अक्षरावर समाधान मानले नाही. त्यांतील कित्येकांनी मारिनोसकडे जाण्यास नकार दिला, आपापसांत वर्गणी जमविली आणि 'योकोहामा एफ.सी.' हा स्वतःचा क्लब काढला. बोधचिन्ह म्हणून त्यांनी फिनिक्स पक्षी घेतला. राखेतून उठणारा. २००१ साली तो क्लब दुसऱ्या श्रेणीत आला आणि २००७ साली पहिल्या श्रेणीत. तीच ही निळी गळपट्टी. सरांच्या पेटीतील एकमेव जिवंत क्लब!

हकीकत येथेच संपली असती तर बोधकथा झाली असती. पण सर पंच होते, ते कोणाच्याही बाजूने शिट्टी वाजवीत नाहीत. "पुढचेही ऐका," ते म्हणाले. "वर्गणीवर वरच्या श्रेणीचा क्लब चालत नाही. त्यांनाही पुढे एका कंपनीचा हात धरावा लागला आणि मालकी तिच्याकडे गेली. तेव्हा कंपनी वाईट आणि वर्गणी चांगली, असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की, कंपनी गेली तर मागे कोणी उरणार आहे का, ते आधी पाहावे. योकोहामात माणसे उरली. बालेवाडीत आम्ही किती उरलो? मी आणि डबा घेतलेला एक पोरगा."

हा विचार आम्हाला पटला, तरी पूर्णपणे नाही. आम्ही म्हणालो, "सर, योकोहामाच्या लोकांना पाच-सहा वर्षे आपल्या गावाचे नाव छातीवर मिरविता आले. आपल्याकडेही नावात 'पुणे' होतेच. मग नाव पुरले का नाही?" सर थोडा वेळ विचारात पडले. उत्तर दिले ते काकूंनी, पितळी डबे पुसता पुसता. "नाव होते हो फादर. पण आम्हाला कोणी कधी काही मागितलेच नाही. मंडळाची पोरे दरवर्षी दारात येतात, पावतीपुस्तक घेऊन. एकावन्न रुपये देते आणि मग दहा दिवस त्यांना बोलायचा हक्क माझा. लाऊडस्पीकर बंद करा म्हणते, ते ऐकतात. क्लबवाल्यांनी आमच्याकडून पाच रुपयेसुद्धा नेले नाहीत. ज्याला काही दिले नाही, त्याच्यासाठी भांडणार कशी?"

वाचकहो, अर्थशास्त्राची पुस्तके आम्ही फारशी वाचलेली नाहीत. पण कंपन्यांचे क्लब का टिकत नाहीत, याचे याहून नेमके विवेचन आमच्या वाचनात आलेले नाही. कंपनीच्या हिशेबवहीत क्लब हा खर्चाचा एक रकाना असतो, बहुधा जाहिरातीच्या खात्यात. तिकिटांचे उत्पन्न नगण्य, दूरवरच्या राज्यांत जाण्याचा प्रवासखर्च भारी, खेळाडूंचे करार वर्षागणिक महाग. धंदा तेजीत असला की तो रकाना कोणाला खुपत नाही. मंदी आली, धोरण बदलले, लीगचे नियम बदलले, की पहिली कात्री तेथेच लागते. यात दुष्टपणा नसतो. बेरीज-वजाबाकी असते. त्या बेरजेत पेठेतल्या पोराचा डबा कोठेच मांडलेला नसतो, कारण तो मांडता यावा असे त्याने काही दिलेले नसते.

एवढे ऐकून आम्ही शहाणे होऊन परतलो असतो, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. खरे कारण सांगताना संकोच वाटतो. आमच्याही धर्मग्रामात मुलांचा एक फुटबॉल संघ आहे. आमच्या पूर्वीच्या एका धर्मगुरूंनी तो सुरू केला, तेव्हा त्याला आमच्या आश्रयदात्या संताचे नाव होते. चार वर्षांपूर्वी एका कारखानदाराने मुलांचे शर्ट, बूट, चेंडू आणि बसभाडे देऊ केले. अट एवढीच की संघ त्यांच्या कारखान्याच्या नावाने खेळेल. आम्ही दुसऱ्याच दिवशी होकार दिला. कोणाला विचारले नाही. मुलांना नाही, पालकांना नाही, धर्मग्राम मंडळालाही नाही. वर्षाचे साठ-सत्तर हजार रुपये वाचले, याचाच आनंद. जुने शर्ट आम्ही फरशी पुसायला दिले. गृहस्थ सज्जन होते, त्यांनी चार वर्षे शब्द पाळला. गेल्या जून महिन्यात त्यांचा धंदा बसला, तेव्हा त्यांनी स्वतः येऊन, हात जोडून, असमर्थता सांगितली. त्यांना दोष देण्याजोगे काही नाही.

दोष आमचा. संघ बंद करावा, असे आम्ही मनाशी ठरवूनही टाकले होते. मुलांना ते सांगण्याचे धाडस होत नव्हते, म्हणून पावसाचे निमित्त करून आम्ही सराव पुढे ढकलीत होतो. जे महिंद्राच्या आणि पिरामलांच्या कचेरीत झाले, तेच आम्ही आमच्या कचेरीत करीत होतो, आणि त्यांच्याजवळ निदान जाहीर निवेदन काढण्याचे धैर्य होते.

हे सारे आम्ही त्या रिकाम्या होत चाललेल्या वाड्यात सरांपुढे बोलून टाकले. एरवी लोक आमच्यापुढे कबुली देतात. त्या दिवशी जागा उलटल्या. सरांनी सर्व ऐकून घेतले. मग त्यांनी टेबलाचा खण उघडला, एक शंभराची नोट आणि एक रुपयाचे नाणे काढले व आमच्या हातावर ठेवले. "पावती आणा," ते म्हणाले. "पावतीशिवाय मी मंडळालाही देत नाही."

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही पालकांना थांबविले. झाले ते सर्व सांगितले, आमच्या चुकीसह. सभा शांततेत झाली असे म्हणता येणार नाही. एका भगिनीने विचारले, "फादर, नाव बदलताना आम्ही आठवलो नाही, आता पैसे मागताना कसे आठवलो?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते आणि आम्ही ते शोधलेही नाही. कोणी म्हणाले, क्रिकेट सुरू करा. कोणी म्हणाले, मुलांच्या शिकवणीचा खर्चच झेपत नाही. शेवटी एका रिक्षाचालक बंधूंनी दरमहा पन्नास रुपये देण्याचे कबूल केले, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. साठ-सत्तर हजार काही जमले नाहीत. त्याच्या निम्मेही नाहीत. म्हणून आम्ही दूरची स्पर्धा सोडली, बस सोडली, नवे बूट सोडले. शर्ट तेवढे नवे शिवले, साधे पांढरे. संताचे नाव मुलांच्या आयांनी दोऱ्याने भरले. काही अक्षरे वाकडी आली आहेत.

पत्र्याची पेटी आता आमच्या कचेरीतील कपाटावर आहे. वाडा पाडला गेला. सर आणि काकू मुलीकडे, कोथरूडला राहावयास गेले.

नोव्हेंबरात आमच्या संघाचा पहिला सामना झाला. सर रिक्षाने आले आणि मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. आम्ही १-३ असे हरलो. मध्यंतरात मात्र एक प्रसंग घडला. आमच्या धर्मग्रामातील एक आजीबाई, ज्यांनी पेन्शनमधून पन्नास रुपये दिले होते, त्या तरातरा चालत प्रशिक्षकाकडे गेल्या आणि सर्वांसमक्ष त्याला झापू लागल्या : "माझ्या नातवाला बाहेर का बसवलास? आणि त्या लांबड्याला चेंडू पुढे द्यायला कोण शिकवणार? पावती आहे माझ्याकडे, पावती!"

प्रशिक्षक गोंधळला. आम्ही मध्ये पडावे म्हणून उठू लागलो. सरांनी आमचा हात धरून आम्हाला खाली बसविले. ते पोट धरून हसत होते.

"बसा, फादर," ते म्हणाले. "आता हा क्लब झाला."